‘माग’, ‘मागोवा’ आणि ‘वाट’ : वणी-दिंडोरी प्रांताच्या अनुषंगानें एक शब्दविचार

१

वणी हें नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यांतील जुनें गांव. ज्या देवीमुळें ह्या गांवाचें नांव महाराष्ट्रांत सर्वतोमुखीं झालें, ती सप्तशृंगी वस्तुतः वणींत नाहीं. तिचा गड गांवाच्या उत्तरेस सातमाळा डोंगराच्या ओळींत असून तो कळवण तालुक्यांत मोडतो. तथापि यात्रेकरू तिला ‘वणीची देवी’ असेंच म्हणतात. देवस्थानास त्याच्या स्वतःच्या जागेचें नांव न मिळतां, त्याकडे जाणारी वाट ज्या गांवावरून जाते त्या गांवाचें नांव मिळावें, ह्यांत आमच्या मतें नवल कांहीं नाहीं. दक्षिणेकडून येणाऱ्या मनुष्यास गड पुढें दिसत असला तरी त्याला विचारावें लागतें तें वणीसच. आणि जेथें वाट विचारावी लागते तें ठिकाण लोकांच्या स्मरणांत राहतें.

वाट शोधण्याचे प्रकार दोन. एक, जाणत्यास विचारून जाणें. दुसरा, पूर्वीं कोणी गेला असेल त्याच्या खुणा पाहून जाणें. मराठींत ह्या दोन प्रकारांस दोन निरनिराळे शब्द आहेत. पहिल्यास आपण ‘वाट पुसणें’ म्हणतों, दुसऱ्यास ‘माग काढणें’ किंवा ‘मागोवा घेणें’ म्हणतों. हे शब्द नित्याच्या बोलण्यांतले असल्यामुळें त्यांचा विचार करण्याचें कारण सहसा पडत नाहीं. परंतु जुने कागद वाचतांना, व विशेषतः ग्रामव्यवस्थेच्या किरकोळ कागदांचें लिप्यंतर करतांना, ‘माग’ हा शब्द ओळखतां आला नाहीं तर कागदाचा अर्थच उलटतो. म्हणून ह्या शब्दाचें मूळ, त्याचा अर्थविस्तार आणि त्यामागें असलेली संस्था ह्यांचा यथामति विचार येथें करण्याचें योजिलें आहे.

२

प्रथम ‘वाट’ हा शब्द घेऊं. संस्कृताच्या अभ्यासकास येथें एक मोह होतो. संस्कृतांत ‘वाट’ हा शब्द आहेच. तेव्हां मराठी ‘वाट’ म्हणजे तोच असें म्हणून तो मोकळा होतो. पण संस्कृत ‘वाट’ ह्याचा प्रयोगांतील मुख्य अर्थ कुंपण, कुंपणानें वेढलेली जागा असा आहे. त्याचा मराठींतील वंश ‘वाडा’, ‘वाडी’ ह्या शब्दांत पाहावयास मिळतो. कुंपण आणि रस्ता ह्या कल्पना परस्परविरुद्ध. एक अडविते, दुसरी नेते. उत्तरकालीन कोशांत ‘वाट’ ह्यास मार्ग असा अर्थ दिलेला आढळतो खरा, पण तो देशी भाषांतील शब्द पाहून मागाहून संस्कृतांत घेतला असावा असें आम्हांस वाटतें.

मराठी ‘वाट’ हिचें खरें मूळ ‘वर्त्मन्’ हें होय. वृत् म्हणजे फिरणें, वळणें. चाक फिरत गेल्यानें जमिनीवर जी चाकोरी पडते तें वर्त्म. वैदिक भाषेंत ‘वर्तनि’ हा शब्दही ह्याच कुळांतला. पालींत ‘वटुम’, प्राकृतांत ‘वट्ट’ किंवा ‘वट्टा’, आणि तेथून संयुक्ताक्षर सुटून व पूर्वस्वर दीर्घ होऊन मराठींत ‘वाट’, हा क्रम भाषाशास्त्राच्या नियमांस धरून आहे. ‘वाट’ म्हणजे पुनःपुनः जाण्यायेण्यानें पडलेली रेषा. ती सर्वांची असते व ठरलेली असते. म्हणून ‘वाट पाहणें’ म्हणजे येणारा त्याच ठरलेल्या रेषेनें येईल ह्या भरंवशानें तिकडे डोळे लावून बसणें. वाट दाखविणारा तो ‘वाटाड्या’. हेमचंद्रानें अपभ्रंशाच्या व्याकरणांत स्वार्थीं लागणाऱ्या ‘अड’ प्रत्ययाची नोंद केली आहे. त्याच जातीचा डकार येथें असून पुढें कर्तृवाचक ‘या’ लागला आहे, असें आमचें मत आहे. कित्येक जण ‘वाट’ व ‘आड’ अशी फोड करतात. परंतु वाटेंत आड येणारा तो वाटमाऱ्या होईल, वाटाड्या होणार नाहीं.

३

आतां ‘माग’. ह्याचें मूळ ‘मार्ग’ होय ह्याविषयीं वाद नाहीं. परंतु ‘मार्ग’ ह्याचें मूळ काय, हें पाहिल्याशिवाय मराठी ‘माग’ ह्याचा अर्थ उलगडत नाहीं.

ऋग्वेदांत वाटेस पथिन्, अध्वन्, वर्तनि, गातु इत्यादि शब्द आहेत. ‘मार्ग’ हा शब्द तेथें आढळत नाहीं. तो पुढील वाङ्मयांत, मनुस्मृति-महाभारतांत, रूढ झालेला दिसतो. कित्येक टीकाकार तो ‘मृज्’ म्हणजे स्वच्छ करणें ह्या धातूकडे नेतात. पण त्याचा खरा संबंध ‘मृग’ शब्दाशीं आहे. ‘मृग’ म्हणजे आज आपण हरिण समजतों. वैदिक भाषेंत मात्र तो कोणत्याही रानटी श्वापदास लावीत. ऋग्वेदांत हत्तीस ‘हात असलेला मृग’ म्हटलें आहे, तें ह्याच अर्थीं. मृगशीर्ष नक्षत्रावरून जसें मार्गशीर्ष, तसें मृगावरून मार्ग. म्हणजे श्वापदानें रानांत पाडलेली रेघ, त्याची पाऊलखूण. त्या खुणेवरून श्वापद शोधावयाचें, म्हणून ‘मृगया’ ही शिकार झाली आणि धातुपाठांत ‘मृग्’ व ‘मार्ग्’ ह्या दोन्ही धातूंस ‘अन्वेषण’ हाच अर्थ मिळाला. शोधणें ही क्रिया प्रथम शिकाऱ्याची. तत्त्वज्ञाची व संशोधकाची ती मागाहून झाली.

अशी अर्थाची चाल केवळ आपल्याच भाषांत आहे असें नाहीं. पंजाबींत ‘खोज’ म्हणजे पाऊलखूण. तीवरून चोर काढणारा तो ‘खोजी’. आणि हिंदींत ‘खोजना’ म्हणजे कोणतीही वस्तु शोधणें. लॅटिन भाषेंत ‘व्हेस्टिजियम’ म्हणजे पाऊल उमटलेली जागा. तीवरूनच इंग्रजींतील चौकशी व संशोधन ह्या अर्थाचा ‘इन्व्हेस्टिगेशन’ हा शब्द निघाला आहे. गुजराथेंत माग काढणाऱ्यास ‘पगी’ म्हणतात, तेथेंही मूळ ‘पग’ म्हणजे पाऊलच. निरनिराळ्या लोकांनीं स्वतंत्रपणें एकच कल्पना बांधावी, ह्यावरून मनुष्यानें शोधण्याचा पहिला धडा मातींत उमटलेल्या पावलावरून घेतला हें उघड होतें.

४

संस्कृतांत ‘मार्ग’ शब्दाचा श्वापदाशीं असलेला संबंध लवकरच विसरला गेला व तो राजमार्गापासून मोक्षमार्गापर्यंत सर्वत्र चालूं लागला. पालींतील ‘मग्ग’ शब्दास बौद्धांनीं अष्टांगिक मार्गाच्या प्रतिपादनांत फारच उंच स्थान दिलें. परंतु प्राकृतांतून मराठींत उतरतांना ह्या शब्दानें आपला जुना अर्थ पुन्हां धरला, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. मराठींत रस्ता ह्या अर्थीं ‘माग’ कोणी म्हणत नाहीं. त्यास ‘वाट’ आहे. ‘माग’ म्हणजे गेलेल्याची राहिलेली खूण. संस्कृत शब्द जसाच्या तसा घेतला तो ‘मार्ग’ रस्त्याकडे राहिला, आणि लोकांच्या तोंडीं झिजलेला ‘माग’ पावलाकडे राहिला. एकाच शब्दाचीं हीं दोन रूपें मराठींत शेजारीं शेजारीं नांदतात व एकमेकांचें काम करीत नाहींत.

ह्या मुळाचा विस्तार मराठींत पुष्कळ आहे. ‘मागें’ हें अव्यय त्यांतलेंच. जो माग पाहत चालतो तो अर्थातच माग पाडणाऱ्याच्या पाठीशीं असतो; म्हणून प्राकृतांतच ‘मग्गओ’ हें पद ‘पाठीमागून’ ह्या अर्थीं आलें, आणि मराठींत त्यापासून मागें, मागून, मागाहून, मागील हीं रूपें झालीं. स्थळाचा अर्थ पुढें काळास लागला. महसुली कागदांतील ‘मागील बाकी’ म्हणजे पाठीमागें राहिलेली बाकी, ती ह्याच अर्थानें. ‘मागणें’ हें क्रियापद ‘मार्गयति’ ह्यापासून. मूळ अर्थ शोधणें, मग मिळविण्यासाठीं फिरणें, मग याचना करणें. ही पायरी संस्कृतांतच चढून झाली होती. अमरकोशांत ‘मार्गण’ म्हणजे याचकही आहे आणि बाणही आहे. कारण दोघेही कांहींतरी शोधीत जातात.

‘मागोवा’ हें ‘माग’ ह्याचेंच भाववाचक रूप. गार-गारवा, ओल-ओलावा ह्यांतील ‘वा’ प्रत्यय येथें आहे. ‘माग’ ही खूण, आणि ‘मागोवा’ ही त्या खुणांची लागलेली ओळ. एक पाऊल दिसलें म्हणजे माग लागला. पावलामागून पाऊल जुळत गेलें म्हणजे मागोवा झाला. व्यवहारांत हा भेद आतां पाळला जात नाहीं, पण शब्दाच्या घडणींत तो आहे.

येथें कागदपत्रांच्या संग्राहकांस एक सूचना करणें अवश्य आहे. मराठींत ‘माग’ असा दुसराही एक शब्द आहे; तो विणकराचा माग, ज्यास आपण हातमाग म्हणतों. हा शब्द ‘मार्ग’ ह्यापासून निघालेला नाहीं. कन्नडांत ‘मग्ग’ व तेलुगूंत ‘मग्गमु’ म्हणजे विणण्याचें यंत्र. तिकडून तो मराठींत आला आहे. नाशिक जिल्ह्यांतच येवलें हें पैठणीच्या विणकामाचें जुनें ठाणें असल्यामुळें ह्या एका जिल्ह्याच्या कागदांत दोन्ही ‘माग’ भेटणें स्वाभाविक आहे. कराच्या यादींत, साळी-कोष्टी ह्यांच्या नांवांशेजारीं व संख्येसह आलेला ‘माग’ हा विणकराचा. चोरी, शीव, जागल्या ह्यांच्या संगतींत आलेला तो पावलाचा. संगत पाहिल्यावांचून अर्थ ठरवूं नये.

५

‘मागोवा’ आणि ‘वाट’ ह्यांतील भेद सर्वांत स्पष्टपणें कोणीं दाखविला असेल तर तो ज्ञानदेवांनीं. शके १२१२ मध्यें पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरींत, अठराव्या अध्यायाच्या अखेरीस, आपण गीतेचा अर्थ कोणत्या रीतीनें सांगितला हें ते निवेदन करतात. तेथें व्यासांसंबंधानें त्यांनीं ‘मागोवा’ हा शब्द योजला आहे आणि भाष्यकारांसंबंधानें ‘वाट’ पुसण्याची भाषा वापरली आहे. वाचणारे हें केवळ विनयाचें बोलणें समजून पुढें जातात. आम्हांस त्यांत शब्दांची नेमकी निवड दिसते. व्यास मूळ ग्रंथकार. ते पुढें निघून गेले, त्यांना विचारतां येत नाहीं. त्यांचीं पावलें तेवढीं ग्रंथांत उमटलेलीं. तेथें माग काढण्यावांचून उपाय नाहीं. भाष्यकार मात्र अर्थ सांगण्यासाठींच उभे आहेत, ते वाटेवरचे जाणते आहेत, त्यांस पुसावें. मूळाचा माग आणि जाणत्यास पृच्छा, हीं दोन्ही अंगें मिळून अर्थनिर्णय होतो.

भाषेच्या दृष्टीनें ह्यांतून दोन गोष्टी सिद्ध होतात. एक, इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या अखेरीस ‘मागोवा’ शब्द त्याच्या आजच्या रूपांत व आजच्या अर्थांत पक्का झाला होता. दुसरी, तो त्या काळींच मातींतल्या पावलावरून ग्रंथांतल्या पावलावर गेला होता. आज आपण एखाद्या विषयाचा ‘मागोवा घेतला’ असें लिहितों, तो लाक्षणिक प्रयोग सातशें वर्षांहून अधिक जुना आहे. इंग्रजी अमदानींत तयार झालेला नव्हे. मोल्सवर्थच्या कोशापासून (१८३१, दुसरी आवृत्ति १८५७) कृ. पां. कुलकर्णी ह्यांच्या व्युत्पत्तिकोशापर्यंत (१९४६) मराठीच्या कोशांनीं शब्दांचे अर्थ व मूळें नोंदविण्याचें मोठें काम केलें. परंतु शब्दापाठीमागची संस्था सांगणें हें कोशाचें काम नव्हे. तें इतिहासाचें आहे, म्हणून पुढें तिकडे वळतों.

६

‘माग काढणें’ हें आपल्या ग्रामव्यवस्थेंत केवळ कसब नव्हतें. तें एक कर्तव्य होतें आणि त्यावर नुकसानभरपाईची जबाबदारी अवलंबून होती. एल्फिन्स्टननें पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला, त्यांत गांवच्या राखणदाराचीं कामें सांगितलीं आहेत. रात्रीं पहारा करणें, गांवांतील माणसांची चालचलणूक ओळखून असणें, आणि चोरी झाल्यास चोराचा माग काढीत तो गांवच्या शिवेपर्यंत नेणें. शिवेपलीकडे माग गेल्याचें दाखविलें म्हणजे तो पुढील गांवच्या राखणदाराच्या हवालीं करावयाचा. ज्या गांवांत माग येऊन थांबला व पुढें निघाला नाहीं, त्या गांवावर चोरीचा भार येई. हें काम देशावर पुष्कळ ठिकाणीं रामोशी करीत. खानदेश व नाशिककडील डोंगराळ भागांत जागल्याचें काम भिल्लांकडे व कोळ्यांकडे असे.

ही रीत मराठेशाहींत नवी निघालेली नव्हती. याज्ञवल्क्यस्मृतींत चोरीच्या प्रकरणीं असें सांगितलें आहे कीं, चोर गांवाबाहेर गेल्याचें दिसत नसेल तर दोष गांवच्या अधिपतीचा. आपल्या शिवेंतील चोरी गांवानें भरून द्यावी, किंवा ज्या गांवीं पाऊल जाईल त्यानें द्यावी. आणि चोरी गांवापासून कोसापलीकडे झाली असेल तर भोंवतालच्या पांच किंवा दहा गांवांनीं मिळून ती सोसावी. कौटिलीय अर्थशास्त्रांतही व्यापाऱ्याचा माल गांवांत गेला तर ग्रामस्वामीनें, दोन गांवांमधील कुरणांत गेला तर विवीताध्यक्षानें आणि त्याबाहेर गेला तर चोररज्जुकानें भरावा, अशी वांटणी आहे. स्मृतिकारांनीं पाऊलखुणेस ‘पद’ म्हटलें. मराठीनें तिला ‘माग’ म्हटलें. शब्द बदलला, व्यवस्था तीच राहिली. स्मृतींतील नियम केवळ पंडितांच्या पोथ्यांत होते, व्यवहारांत नव्हते, असें म्हणणारांस ‘माग’ ह्या शब्दाचा इतिहास हें एक उत्तर आहे. संस्कृताचें अक्षरही न जाणणारा जागल्या याज्ञवल्क्याचा नियम पाळीत होता; किंवा अधिक खरें बोलावयाचें तर, त्याच्या पूर्वजांची रीत पाहूनच स्मृतिकारांनीं नियम लिहिला असावा.

ह्या व्यवस्थेंत शिवेचें महत्त्व किती, हें आतां समजेल. शीव ही केवळ सारा ठरविण्याची रेषा नव्हती. मागाची जबाबदारी जेथें एका गांवाकडून दुसऱ्याकडे जाते ती ती रेषा होती. पुढें १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्यानें गांवच्या राखणीस सरकारी पोलीस-व्यवस्थेंत बसविलें आणि १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ ग्रामवतनें संपलीं. संस्था गेली, शब्द राहिला.

७

आतां हा शब्द वणी-दिंडोरीच्या भूमीवर ठेवून पाहूं. ह्या प्रांताच्या उत्तरेस सातमाळा डोंगराची रांग पश्चिमेकडून पूर्वेकडे जाते. अचला, अहिवंत, सप्तशृंगी, मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या, धोडप, कांचना, राजधेर, इंद्राई आणि चांदवड हे त्या ओळींतील गड. नाशिकहून दिंडोरी, वणी, हातगड ह्या क्रमानें जाणारी वाट घाट ओलांडून सुरतेकडे उतरते. हें दळणवळण फार जुनें आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात ह्याचा जो लेख आहे, त्यांत इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा व दाहनुका ह्या नद्यांवर त्यानें उतारूंसाठीं फुकट नावा ठेवल्याचें नमूद आहे. त्यांतील दमणा ही आजची दमणगंगा दिंडोरी तालुक्याच्याच डोंगरांत उगम पावते. लेणीं नाशिकास आणि धर्मार्थ नावा कोंकण-गुजराथच्या नद्यांवर, ह्यावरून दोन्हींमधील वाट त्या काळीं चालती होती असें अनुमान सुखेनैव निघतें.

डोंगर ओलांडण्याच्या जागेस ह्या प्रांतांत ‘बारी’ म्हणतात. बागलाणांत सेलबारी, डोलबारी, आणि सातमाळ्यांत कांचनबारी. संस्कृत ‘द्वार’, प्राकृत ‘बार’, त्यावरून ‘बारी’ म्हणजे डोंगराचें दार. गुजराथींत ‘बारी’ म्हणजे खिडकी व ‘बारणुं’ म्हणजे दार. दार कोठें आहे हें ज्यास ठाऊक, त्यास भिंत अडवीत नाहीं. ह्या म्हणण्याची प्रचीति १६७० सालीं आली.

त्या वर्षींच्या आक्टोबरांत शिवाजीमहाराजांनीं सुरत दुसऱ्यांदा लुटली व लूट घेऊन ते बागलाणांतून मुल्हेरच्या बाजूनें परत फिरले. शाहजादा मुअज्जमनें औरंगाबादेहून दाऊदखान कुरेशी ह्यास त्यांच्या वाटेवर पाठविलें. दाऊदखान चांदवडकडे आला. मोंगल सैन्यांत असलेला भीमसेन सक्सेना ह्यानें आपल्या ‘तारीख-इ-दिल्कुशा’ ग्रंथांत ह्या प्रसंगाची हकीकत दिली आहे. मध्यरात्रीं हेरांनीं बातमी आणिली कीं, महाराज कांचन-मांचनची बारी उतरून नाशिकच्या वाटेस लागले असून त्यांची निम्मी फौज मागें राहिलेल्यांस गोळा करण्यासाठीं बारींत थांबली आहे. दुसऱ्या दिवशीं, १७ आक्टोबर १६७० रोजीं, युद्ध झालें. मोंगलांची आघाडी इखलासखान मियाना ह्याची होती. तो जखमी झाला. मराठ्यांनीं मोंगलांस खिळवून धरलें आणि लूट पुढें सुरक्षित निघून गेली. कृष्णाजी अनंत सभासदानें १६९७ मध्यें जिंजीस लिहिलेल्या बखरींत हें युद्ध वणी-दिंडोरीच्या नांवानें सांगितलें आहे.

युद्धाची जागा कांचनबारी, आणि तीही वणीच्या पूर्वेस बरीच दूर. मग नांव वणी-दिंडोरीचें कां? देवीच्या बाबतींत जें घडलें तेंच येथें घडलें, असें आमचें मत आहे. बारी उतरल्यावर जो प्रांत लागतो तो वणी-दिंडोरीचा. फौजेला ज्या प्रांतांत उतरावयाचें त्यावरून लोकांनीं युद्धास नांव दिलें. फारशी हकीकतकार अडलेल्या जागेचें नांव सांगतो, मराठी बखरकार सुटलेल्या वाटेचें सांगतो. दोन साधनांतील स्थलनामांचा हा फरक विरोध म्हणून मांडण्याचें कारण नाहीं.

परंतु ह्या प्रसंगांत एक गोष्ट दोन्ही साधनांत नाहीं. लादलेलीं जनावरें घेऊन एवढी फौज बारींतून कोणीं नेली? आणि मध्यरात्रीं दाऊदखानास खबर आणणारे हेर कोणाचा माग काढीत गेले होते? सुरतेच्या प्रकरणांत बहिर्जी जासुदाचें नांव बखरींतून येतें, तो अपवाद होय. एरव्हीं वाटाड्या व मागकाढे ह्यांस इतिहासांत नांव नाहीं. ह्या डोंगरांत त्या काळींही कोळी, भिल्ल, कोंकणा हीच वस्ती होती. बाऱ्या त्यांच्या पायांखालच्या होत्या. दोन्ही फौजांनीं ज्या ज्ञानावर विसंबून रात्र काढली तें ज्ञान ह्यांचें होतें, असें म्हणण्यास भूगोल हाच पुरावा आहे. पुढें १८२५ मध्यें औट्रमनें खानदेशांत भिल्ल पलटण उभी केली, तेव्हां इंग्रजांनींही ह्याच कसबाची किंमत ओळखली. आणि तरीही, ज्या लोकांनीं पिढ्यानुपिढ्या माग काढला त्यांस विसाव्या शतकाच्या सरकारी मराठींत ‘मागासलेले’ असें विशेषण मिळालें. दोन्ही शब्दांचें मूळ एकच. शब्दाचा अर्थ कोणत्या बाजूस झुकावा हें शब्द ठरवीत नाहीं. लेखणी ज्याच्या हातीं तो ठरवितो.

८

शेवटीं व्यवहाराची गोष्ट. मोडी कागदांचें लिप्यंतर करणारांच्या हातून ‘माग’ ह्याचें ‘मार्ग’ होण्याचा संभव फार. ‘मार्ग’ हा शब्द शुद्ध वाटतो, ‘माग’ हा लेखकाचा प्रमाद वाटतो, आणि सुधारण्याची इच्छा आवरत नाहीं. पण ‘मार्गास लावणें’ म्हणजे मनुष्यास त्याच्या वाटेनें रवाना करणें. ‘माग लावणें’ म्हणजे चोरीची खूण अमुक गांवापर्यंत सिद्ध करणें. एका रेफानें दंड भरणारें गांव यजमान ठरतें आणि चोर पाहुणा ठरतो. पत्रांतून ‘मार्गस्थ होणें’ हा प्रयोग वारंवार येतो, त्यामुळें डोळ्यास त्याची संवय झालेली असते. म्हणून अधिकच सावध राहिलें पाहिजे. कागदांत ‘माग’ असेल तेथें ‘माग’ असेंच छापावें. शंका असल्यास कंसांत आपलें मत द्यावें, मूळास हात लावूं नये.

दुसरी विनंती संग्राहकांस. राजवाड्यांच्या पुढाकारानें १९१० मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेव्हांपासून घराघरांतील दप्तरें प्रकाशांत येत आहेत. त्यांत तह, स्वाऱ्या, इनामें, वंशावळी ह्यांस मान मिळतो, आणि तो योग्यच आहे. परंतु पाटील-कुलकर्ण्यांच्या दप्तरांत बैल चोरीस गेल्याचे, शिवेवर माग दिल्याचे, माग न घेतल्यावरून दोन गांवांचा तंटा झाल्याचे जे कागद असतील, ते क्षुद्र म्हणून बाजूस टाकूं नयेत. बैलाच्या पाठीमागें धांवणारा जागल्या ज्या एका कागदांत नांवानिशीं भेटतो, तो कागद गेला म्हणजे तो मनुष्यही गेला. त्याची दुसरी बखर कोठें नाहीं. अशा कागदांची यादी करतांना निदान चार गोष्टी नोंदवाव्या : चोरी कोणत्या गांवीं झाली, माग कोणत्या शिवेवर दिला, तो कोणीं घेतला, आणि भरपाई कोणीं केली. दहा-वीस कागदांची अशी नोंद एकत्र झाली तरी त्या मुलखाच्या शिवा, वाटा व राखणदारांचीं घराणीं ह्यांचा नकाशा उभा राहील.

तिसरें असें कीं, कागद वाचून झाल्यावर ज्या गांवचा तो कागद आहे तेथें जाऊन विचारावें. बाऱ्यांचीं नांवें, शिवेवरचे दगड, जुन्या पायवाटा ह्या गोष्टी आजही वणीच्या भोंवतालच्या पाड्यांवरील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यांत आहेत. त्या कोणत्याही दप्तरांत नाहींत. ज्ञानदेवांनीं मागोव्याबरोबर वाट पुसण्याचीही जोड घातली आहे. आपण कागदांतील माग काढण्यांत निष्णात झालों आहों. पुसण्याचें काम मात्र पुष्कळसें राहिलें आहे, आणि ज्यांस पुसावयाचें त्यांचीं वयें झालीं आहेत.